वेदनेच्या वेशीवरचा पहारा



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वेदनेविषयी बोलणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्यांनी या बंगळूर नगरीत हे मंडळ उभारले, त्यांतील अनेकांचे गुडघे आता कुरकुरू लागले आहेत, आणि काही घरांत कर्करोगही येऊन गेला आहे. आमच्या परिचयातील एका आजींना अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी मॉर्फिन सुचविले, तेव्हा मुलांनीच नकार दिला. "आईला अफूची सवय लागेल!" आजींनी मुकाट्याने सोसले. ते सोसणे आवश्यक होते काय, याचा आज विचार करू.

मुलाला ठेच लागली की आई ती जागा चोळते आणि रडे थांबते. यात मायेबरोबर शरीराची व्यवस्थाही आहे. वेदनेचे संदेश बारीक चेतातंतूंतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोचतात व तेथे दुसऱ्या चेतापेशीच्या स्वाधीन होऊन मेंदूकडे जातात. स्पर्शाचे जाड तंतूही तेथेच येतात आणि वेदनेची वाट अडवितात. १९६५ मध्ये मेलझॅक व वॉल यांनी हा 'द्वार-सिद्धांत' मांडला. त्याचे तपशील पुढे बदलले. मज्जारज्जूत वेदनेला अटकाव होतो, हे सूत्र मात्र टिकले.

या वेशीवर पहारा कोणाचा? १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांना धरून ठेवणारी ग्राहीस्थाने सापडली. अफू तर झाडाची; मग तिच्या किल्लीचे कुलूप माणसाच्या देहात कशासाठी? १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे ह्यूजेस व कोस्टरलिट्झ यांनी उत्तर दिले. त्यांनी डुकरांच्या मेंदूतून वेगळे केलेले एन्केफॅलिन हे द्रव्य अवघ्या ५ अमिनो आम्लांचे असून मॉर्फिनसारखेच काम करते. किल्ली देह स्वतःच घडवितो!

मज्जारज्जूच्या मागील भागात एन्केफॅलिन स्रवणाऱ्या लहान चेतापेशी असतात. त्यांचे कार्य दुहेरी आहे. येणाऱ्या तंतूच्या टोकाशी एन्केफॅलिन कॅल्शियमची आत येण्याची वाट रोखते. कॅल्शियमवाचून तो तंतू आपले संदेशद्रव्य ओतू शकत नाही. पुढील पेशीत ते पोटॅशियमला बाहेर जाण्याची वाट मोकळी करते, त्यामुळे ती पेशी सहजी चेतत नाही. सांगणाऱ्याचा आवाज बसतो आणि ऐकणाऱ्याचे कानही मिटतात.

मेंदूकडून उतरणारे तंतू हा पहारा कधी कडक करतात, कधी सैल. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध नसलेल्या इंजेक्शनानेही ज्यांना आराम पडला होता, त्यांची वेदना नॅलोक्सोन हे अफूविरोधी औषध देताच वाढली. धीर देणाऱ्या शब्दालाही देहात रसायन सापडते, ते असे.

तथापि हा पहारेकरी सर्वशक्तिमान नाही. एन्केफॅलिनचे विघटन लवकर होते, आणि कर्करोगाच्या अखंड वेदनेपुढे ते अपुरे पडते. तेथे मॉर्फिन त्याच कुलपाला लागते. १९७९ पासून तर काही रुग्णांना अल्प मात्रेतील मॉर्फिन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिले जाऊ लागले. प्रत्येक कंबरदुखीवर हे औषध नव्हे; बद्धकोष्ठासारखे त्रास व श्वास मंदावण्याचा धोका असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. पण तीव्र वेदनेत योग्य मात्रेने दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे.

आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे दुष्कर झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर केली. आपल्याच नगरीत 'करुणाश्रय' ही संस्था १९९९ पासून असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. साधन आहे, संकोच तेवढा आड येतो.

म्हणून वडीलधाऱ्यांना आमची विनंती, की दुखते आहे असे सांगण्यात कमीपणा मानू नये. आणि मुलांनी, ती परगावी असली तरी, आईवडिलांना "बरे आहे ना?" एवढेच विचारून थांबू नये. कोठे दुखते, किती दुखते, रात्री झोप लागते का, हेही विचारावे. पहारेकरी थकला असेल, तर त्याच्या मदतीला जाणे हे घरच्यांचेच काम आहे.