यंत्रालाही थांबता आलं पाहिजे

रंगमंचामागच्या अंधारात उभं आयुष्य काढणाऱ्या माझ्या प्रकाशयोजनाकार, ध्वनिसंयोजक आणि व्हिडिओ ऑपरेटर मित्रमैत्रिणींनो, आणि आवर्जून आलेल्या रसिकहो,

या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पडदा पडल्यावर टाळ्या कलाकारांना मिळतात आणि त्या तशाच मिळाल्या पाहिजेत. पण त्या टाळ्यांत आपल्या बोटांचाही वाटा असतो. त्या बोटांच्या वतीनेच हा मान मी स्वीकारतो आणि आज त्या बोटांच्याच भवितव्याबद्दल बोलतो.

नाटक असो, लावणीचा कार्यक्रम असो, वाद्यवृंद असो की गणेशोत्सवातला देखावा, मागे आता एलईडी भिंत किंवा प्रोजेक्शन असतंच. टेबलावर एक लॅपटॉप, त्यात शेकडो क्लिप आणि समोर बसलेला एकच माणूस. सगळं त्याने हाताने वाजवायचं म्हटलं तर ते होणार नाही. म्हणून क्लिप आपोआप वाजवण्याच्या सोयी आल्या, आणि मी त्यांचं स्वागत करतो. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्रावर काय सोपवायचं आणि हातात काय ठेवायचं, हे ठरवायचं कोणी आणि कशाच्या आधारावर?

आपली परंपरा जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर मांडून कथा गातात. गाणं रंगलं की चित्र थांबतं, प्रसंग सरला की पुढचं येतं. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं पडद्यावर दिसायची आणि सोबत निवेदन आणि गाणी चालायची. या दोन्ही खेळांत चित्र माणसाच्या मागून चालत होतं.

पडद्यावर चलच्चित्र आलं आणि हे नातं उलटलं. १९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या आल्फ्रेड राडोक आणि योसेफ स्वोबोदा यांनी ‘लातेर्ना मागिका’ सादर केलं. रंगमंचावरची निवेदिका पडद्यावरच्या स्वतःशीच बोलायची. लोक थक्क झाले. पण त्या संवादात एक बाजू बांधलेली होती. फिल्म तिच्या ठरल्या वेगाने पुढे सरकणार. प्रेक्षक हसले म्हणून ती थांबणार नाही, निवेदिकेने श्वास घेतला म्हणून ती वाट पाहणार नाही. जमवून घ्यायचं ते जिवंत माणसानेच. त्याच देशाच्या रादुझ चिन्चेरा यांनी १९६७ मध्ये मॉन्ट्रियलच्या प्रदर्शनात ‘किनोऑटोमॅट’ दाखवला. तिथे चित्रपट मध्येच थांबायचा, निवेदक रंगमंचावर यायचा, प्रेक्षक बटणं दाबून पुढचा प्रसंग निवडायचे. चित्रपटाला थांबवता येतं, हे त्या प्रयोगाने दाखवून दिलं. पण त्यासाठी केवढी यातायात करावी लागली, तेही दिसलं.

आज ती यातायात संपली आहे. नेदरलँड्समध्ये घडलेलं, क्लिप वाजवणारं रेझोल्यूम हे सॉफ्टवेअर आपल्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपवर आहे. त्यात क्लिप संपली की काय व्हावं, हे प्रत्येक क्लिपला वेगळं सांगता येतं: पुन्हा पहिल्यापासून चालावं, उलटसुलट फिरावं, एकदा वाजून शेवटच्या फ्रेमवर थांबावं, की वाजून निघून जावं. ऑटोपायलट लावला की एका लेअरमधल्या क्लिप ओळीने किंवा रँडम बदलत राहतात. नाटकवाल्यांच्या आवडीच्या क्यूलॅबमध्ये ऑटो-कंटिन्यू आणि ऑटो-फॉलो आहेत. पहिल्यात एक क्यू सुरू झाल्यावर, ठरवलेला वेळ जाऊ देऊन, पुढचा क्यू सुटतो. दुसऱ्यात आधीचा क्यू संपला की पुढचा सुटतो. म्हणजे यंत्राला आता वाट पाहता येते. ती पाहायला लावायची की नाही, हे मात्र आपण ठरवतो. म्हणूनच जबाबदारी आपली आहे.

एक प्रसंग घेऊ. आई खिडकीपाशी बसून मुलाचं पत्र वाचते आहे. बाहेर पाऊस आहे. पत्रातल्या शेवटच्या वाक्यानंतर वीज चमकते. दादरच्या शिवाजी मंदिरात ती अभिनेत्री त्या वाक्याआधी तीन सेकंद थांबते. सांगलीच्या प्रयोगात प्रेक्षागृह इतकं स्तब्ध असतं, की ती सात सेकंद थांबते. तो सारा प्रयोग त्या चार सेकंदांत असतो. आता पावसाचं काय करायचं? खालच्या लेअरवर पावसाच्या चारपाच क्लिप ठेवा, ऑटोपायलटने त्या रँडम बदलू द्या, त्यांच्यामध्ये लांब क्रॉसफेड ठेवा. तोच थेंब पुन्हा पडल्याचं कोणाला कळणार नाही आणि पाऊस हवा तितका वेळ पडत राहील. ऑपरेटरचं लक्ष मोकळं झालं. वीज मात्र वरच्या लेअरवर, एकदा वाजून निघून जाणारी, आणि तिचं बटण माणसाच्या बोटाखाली. ती विजेची क्लिप पावसाला ऑटो-फॉलो लावून जोडली, तर अभिनेत्रीला विजेच्या आधी वाक्य उरकावं लागेल. अशा वेळी तंत्र अभिनयाच्या मुळावर येतं.

यातून मी एक नियम काढतो. जे तालमीत कायमचं ठरलं आहे ते यंत्राला द्या. जे प्रेक्षकांसमोरच ठरतं ते हातात ठेवा. पाऊस तालमीत ठरतो, वीज प्रयोगात ठरते.

हाच नियम लयीला लावा. क्लिप बीपीएमशी जोडता येते आणि मिडी क्लॉक एका मात्रेत चोवीस ठोके पाठवून सगळ्यांना एका चालीत ठेवतं. ट्रॅकवर चालणाऱ्या कार्यक्रमात हे उत्तमच. पण ढोल-ताशाचं पथक ट्रॅकवर वाजत नाही. ताशेवाला रंगात आला की लय चढते. तुम्ही १२० लावून बसलात आणि पथक १२६ वर गेलं, तर एका मिनिटात चित्र सहा मात्रा मागे पडतं. टॅप टेम्पोचं बटण अशा वेळेसाठीच आहे. कानाने ऐकायचं, बोटाने ठोका द्यायचा, आणि समेवर पुन्हा जुळवून घ्यायचं. बाकीचा हिशेब यंत्र करील.

आणि जिथे सगळं आधीच ठरलेलं आहे, तिथे संकोच न करता सगळं यंत्रावर सोपवा. ध्वनिमुद्रित संगीतावरचं नृत्यनाट्य घ्या किंवा पुरस्कार सोहळ्यातलं नृत्य घ्या, तिथे टाइमकोडइतका इमानी सोबती नाही. फक्त फ्रेम रेट सगळ्यांनी एकच धरा. आपल्याकडे सहसा २५ असतो, पण परदेशातून आलेला ट्रॅक २९.९७ चा असू शकतो. कोणी तो सरसकट ३० मानून चालला, तर तासाभरात १०८ फ्रेमचा, म्हणजे सुमारे साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. नर्तकी उडी मारून खाली आलेली असते आणि भिंतीवरची ठिणगी अजून उडायची असते.

आता भरवशाबद्दल. आपोआप उड्या मारणाऱ्या क्लिप एच.२६४ मध्ये ठेवू नका. तिथे बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर अवलंबून असतात, म्हणून मध्येच उडी मारली की लॅपटॉप अडखळतो. डीएक्सव्ही आणि हॅप या फॉरमॅटांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ग्राफिक्स कार्ड ती उलगडतं. फाइल मोठी होते, ती होऊ द्या. एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देणारे ओएससीचे संदेश बहुधा युडीपीवरून जातात. वाटेत हरवलेल्या संदेशाची खबर तिथे पाठवणाऱ्याला मिळत नाही. प्रेक्षकांचे शेकडो फोन असलेल्या सभागृहात असा संदेश वायफायवर सोडू नका, केबल टाका. आणि स्वयंचलन कितीही पक्कं असलं, तरी सगळं थांबवून पडदा काळा करणारं एक बटण हाताशी असलंच पाहिजे. ते कुठे आहे, हे तुमच्या मदतनिसालाही अंधारात चाचपून सापडलं पाहिजे.

मित्रहो, या व्यासपीठावरून माझं चार जणांकडे मागणं आहे.

निर्मात्यांनो, तांत्रिक तालमीला पूर्ण दिवस द्या. कलाकार केव्हा थांबतो, हे त्याच्यासोबत बसल्याशिवाय ऑपरेटरला कळत नाही. दुपारी ट्रक उतरला आणि संध्याकाळी तिसरी घंटा झाली, अशा घाईत ऑपरेटर सगळंच यंत्रावर सोडून देतो. त्यात त्याचा काय दोष?

दिग्दर्शकांनो, व्हिडिओच्या माणसाला पहिल्या वाचनाला बोलवा. कोणता क्षण मोकळा ठेवायचा, हे संहितेतच ठरतं.

नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांनो, क्यू लिहिण्याची विद्या अभिनयाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवा. मागे काय चाललं आहे हे ज्या नटाला ठाऊक असतं, तो निश्चिंतपणे थांबू शकतो.

आणि माझ्या तरुण ऑपरेटरांनो, प्रत्येक प्रयोगाची क्यूशीट लिहा. कोणता क्यू आपोआप आणि कोणता हाताने, तो हातानेच का, हे तिच्यात नोंदवा. क्यूशीट संहितेसोबत जपून ठेवा. आज आपल्या नाटकांच्या संहिता मिळतात, छायाचित्रं मिळतात, पण गाजलेल्या प्रयोगांत दिवा नेमका कोणत्या श्वासावर गेला, हे सांगणारा कागद मिळत नाही. व्हिडिओच्या बाबतीत पुढच्या पिढीवर ही वेळ येऊ नये.

यंत्रं आणखी हुशार होतील. चेहरा ओळखून, आवाज ऐकून क्लिप सोडणाऱ्या यंत्रणा तुमच्या टेबलावर येतील. त्यांना घाबरू नका, त्यांना शिकवा. पण नवी यंत्रणा दारात आली की पहिला प्रश्न हाच विचारा: समोरचा माणूस थांबला, तर हिला थांबता येतं का? येत असेल तर तिला आनंदाने घरात घ्या. येत नसेल तर रंगमंचापासून दूर ठेवा, मग ती कितीही दिमाखदार असो. हा आग्रह आपण सर्वांनी मिळून धरूया, आणि आजच्या ठरावांत तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, अशी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.