स्वभावाला औषध असते

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने जुन्नर तालुक्यातील खोडदला उभ्या राहिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या 25 किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. आकाशातील जे सूक्ष्म रूप त्यांपैकी एकटीला कधीच उमगले नसते, ते सर्वांनी टिपलेल्या लहरींची परस्परांशी रुजवात घातल्यावर प्रकट होते. मनुष्यस्वभावासही हाच न्याय लागू पडतो, कारण ज्या सवयीने आपले आयुष्य आखडून टाकले, तिचे संपूर्ण स्वरूप एकट्याच्या आत्मचिंतनात क्वचितच दिसते.

लहानपणी बापाच्या धाकात मुकाट राहिल्याने ज्याचा बचाव झाला, तो कर्ता पुरुष झाल्यावरही पत्नीने काही विचारताच मिटून जातो. ती अधिक खोदून विचारते, तो अधिक मिटतो, आणि दोघेही आपापली कैफियत तेवढी खरी मानतात. नातेसंबंधांवर आधारलेला मानसोपचार कोणाला आरोपी न ठरविता हे चक्र दोघांच्या समक्ष मांडतो. आणि मन उघडे केले तरी अपमान होत नाही, हा अनुभव त्या माणसास उपचारकाच्या सहवासात कदाचित प्रथमच येतो.

डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या 35 दिवसांच्या निवासी उपचारांबरोबरच त्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविण्यात आला. नवऱ्याची उधारी गुपचूप फेडणारी, त्याच्या गैरहजेरीबद्दल कचेरीत आजाराची सबब सांगणारी स्त्री त्याच्या व्यसनाला जबाबदार मुळीच नसते. परंतु तीच धडपड दुसरीच्या तोंडून ऐकली, म्हणजे संसार सावरता सावरता आपणच खचत चाललो आहोत हे तिला उमजते, आणि तगाद्याला आलेल्या माणसास ‘ज्याचे कर्ज त्याच्याकडेच मागा’ असे सांगण्याचे बळ तिला येते.

अर्थात जेथे मारहाण होते, तेथे संरक्षण आधी आणि समेटाची भाषा नंतर. एरवी मात्र, स्वभावाला औषध नाही असे म्हणून पिढ्यानपिढ्या सोसत राहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या माझ्या बंधुभगिनींना माझे कळकळीचे सांगणे आहे की, जी सवय माणसांच्या सहवासात जडली, ती माणसांच्याच सहवासात सैल होऊ शकते. म्हणून समुपदेशकाकडे एकट्याने चोरून न जाता, शक्य असेल तेथे घरच्या माणसाला बरोबर घेऊन उजळ माथ्याने जावे.