न दिसणाऱ्याचें मोजमाप

जें डोळ्यांना दिसत नाहीं आणि जन्मल्यावर बहुधा सेकंदाच्या अब्जांशापुरतेंहि टिकत नाहीं, तें खरोखर आहे असें कशावरून मानावें? कोणी विद्वान् सांगतो म्हणून मानणें हा शास्त्राचा मार्ग नव्हे. त्याचें माप दाखविलें पाहिजे. एक्झिटॉन नांवाच्या अशाच एका अदृश्य जोडीचें माप प्रकाश व चुंबक यांच्या साह्यानें कसें घेतलें, तें आज सांगावयाचें आहे.

अर्धवाहक पदार्थांत इलेक्ट्रॉन पंगतीस बसलेल्या मंडळींप्रमाणें दाटीनें बसलेले असतात. योग्य तितका प्रकाश पडला, कीं एखादा इलेक्ट्रॉन उठून जणूं माडीवर जातो आणि त्याचा पाट रिकामा राहतो. शेजारचा त्या पाटावर सरकला म्हणजे रिकामी जागाच फिरूं लागल्यासारखी होते. ही पोकळी धन विद्युद्भाराप्रमाणें वागते, इलेक्ट्रॉन तर ऋण. म्हणून दोघांची जोडी जमते. तोच एक्झिटॉन. रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनीं १९३१ सालीं ही कल्पना मांडली. इलेक्ट्रॉन आपल्या पाटावर परतला, कीं जोडी संपते आणि प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो.

सामान्य अर्धवाहकांत हें बंधन फार दुबळें असतें. गॅलियम आर्सेनाइडमध्यें तें अवघें ४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असतें. खोलींतील साध्या उष्णतेचा धक्का सुमारें २५ असतो. जोडी तत्काळ तुटते. परंतु मॉलिब्डेनम डायसल्फाइडची गोष्ट निराळी आहे. यंत्रांच्या वंगणांत घालतात तेंच हें काळें द्रव्य. अभ्रकाप्रमाणें त्याचे पापुद्रे सुटतात. २०१० सालीं अमेरिकेंत असें आढळलें, कीं त्याचा एकच थर, जो एका नॅनोमीटरहूनहि पातळ असतो, जाड तुकड्यापेक्षां कितीतरी अधिक उजळतो. जाड तुकड्यांत भोंवतालचें द्रव्य त्या दोघांमधील ओढ बोथट करतें. पातळ थरांत ती ओढ बऱ्याच अंशीं बाहेरच्या मोकळ्या जागेंतून जाते व तीव्र राहते. त्यामुळें बंधन कांहीं शेंकडे मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टांवर जातें, आणि साध्या हवेंतहि जोडी तग धरते.

आतां चुंबकाकडे वळूं. १८९६ सालीं हॉलंडांत पीटर झीमन यांनीं सोडियमच्या प्रकाशरेषा चुंबकानें रुंदावतात हें दाखविलें होतें. तीच युक्ति येथें उपयोगी पडली. प्रकाशाची लहर मळसूत्रासारखा उजवा किंवा डावा पीळ घेत जाऊं शकते. या पापुद्र्यांत एका पिळाचा प्रकाश एका प्रकारची जोडी निर्माण करतो, दुसऱ्या पिळाचा दुसऱ्या प्रकारची. एरवीं दोहोंची ऊर्जा सारखीच असते. चुंबकांत मात्र एकीची चढते, दुसरीची उतरते. टंग्स्टन डायसेलेनाइडच्या थरांत, पृथ्वीच्या चुंबकत्वाहून दोन लाखांवर पट प्रबळ अशा १० टेस्लाच्या क्षेत्रांत, हा फरक मूळ ऊर्जेच्या सुमारें सातशेंव्या भागाइतका भरतो. एवढ्यानें दोन्ही प्रकार वेगळे ओळखतां येतात.

परंतु आकार कसा कळावा? त्यासाठीं दुसरा परिणाम पाहावा लागतो. दोन्ही रेषांचा मध्य चुंबकाच्या बळाच्या वर्गाप्रमाणें वर सरकतो. बळ दुप्पट, तर सरकणें चौपट. जोडी जितकी ऐसपैस, तितकें हें सरकणें अधिक. अमेरिकेंतील लॉस अलामोस येथें क्षणभर टिकणारें ६५ टेस्लाचें क्षेत्र वापरून टंग्स्टन डायसल्फाइडच्या एका थरावर हें माप घेतलें, तें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. जोडीची त्रिज्या निघाली सुमारें दीड नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरचे तीन लाख भाग करावे आणि त्यांतील एक घ्यावा, एवढा तिचा विस्तार!

श्रोतेहो, ती जोडी कोणीं हातांत धरली नाहीं. पापुद्र्यावरून परतलेला प्रकाश चुंबकासमोर तपासला, आणि तिनें आपलें माप सांगितलें. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास कधीं ठेवावा, असें एखाद्या मुलानें विचारलें, तर त्यास सांगावें: ती मोजतां आली म्हणजे.