दुखण्याची वाट पाहू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी माहूर येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. साच्यावर धागा तुटला की लगेच जोडायचा, हे आम्हाला कळतं. पण घरात वहिनीच्या अंगावरून जात होतं, ते कळलं नाही. ती लाजेनं बोलली नाही, आम्ही विचारलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरला होता.

हा रोग विषाणूमुळे होतो आणि वाढायला कैक वर्षे घेतो. म्हणजे वेळ हाताशी असतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयांनी १,३१,७४६ बायांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आला: ज्या गावांत विषाणूची तपासणी एकदाच झाली, तिथं या रोगाचे मृत्यू तपासणी नसलेल्या गावांच्या जवळपास निम्मेच झाले. त्या बाया आपल्यासारख्याच, खेड्यातल्या होत्या.

माता-भगिनींनो, तिशी ओलांडली की काही दुखत नसलं तरी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणीचं विचारा. काही मिनिटांचं काम आहे. आणि पुरुषांनो, घरच्या बाईला एकटीला पाठवू नका. एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, सोबत जा.