संगणकास ध्वनिवर्धक किती असावेत?

घरांत नवी वस्तु आणावयाची तर ती ठेवावयाची कोठें, हा प्रश्न शहाणीं माणसें आधीं विचारतात. कपाट घेण्यापूर्वीं भिंत मोजतात, पलंग घेण्यापूर्वीं जिन्याचें वळण पाहतात. आवाजाच्या बाबतींत मात्र हें शहाणपण मागें पडतें. संगणकावर चित्रपट पाहणें, गाणें ऐकणें व खेळ खेळणें आतां पुष्कळ घरांत नित्याचें झालें आहे. त्यास जोडावयाचे ध्वनिवर्धक, म्हणजे बाजारच्या भाषेंत स्पीकर, दोन घ्यावेत कीं सहांचा संच घ्यावा, हा वाद सदाशिव पेठेंतील घरांनाहि अपरिचित नाहीं. या वादाचा निकाल दुकानांत लागत नाहीं. तो घरांतील खोली लावते. एवढें ध्यानांत आलें तर पैसा वांचतो आणि शेजारधर्महि राहतो.

मुळांत एकाहून अधिक ध्वनिवर्धक लागतात कशाला? मनुष्यास कान दोन आहेत, यांतच त्याचें उत्तर आहे. पेठेंतील भरत नाट्य मंदिरांत प्रेक्षकानें क्षणभर डोळे मिटले, तरी पात्र रंगमंचाच्या डाव्या अंगास बोलतें आहे कीं उजव्या, हें त्यास कळतें. डावीकडचा आवाज डाव्या कानास किंचित् आधीं पोंचतो व किंचित् मोठा ऐकूं येतो. हा फरक फार तर सेकंदाच्या एक हजारांश भागाच्या सुमारें दोनतृतीयांश. पण तेवढ्यावरून मेंदु दिशा ठरवितो. पाठीमागून येणारा आवाज कानाच्या पाळीच्या वळणांमुळें थोडा बदलून आंत शिरतो, आणि मान जराशी वळली कीं उरलासुरला संशयहि फिटतो. एकाच पेटींतून निघणारा आवाज सदैव त्या पेटीच्याच जागेवरून येतो. समोर दोन पेट्या ठेवल्या, कीं त्यांच्यामध्यें बैठक मांडल्यासारखी होते आणि गवई, तबलजी, पेटीवाला आपापल्या जागीं बसलेले भासतात. बाजूंस व मागेंहि पेट्या ठेवल्या, कीं ऐकणारा स्वतःच आवाजाच्या वर्तुळांत जाऊन बसतो.

बोलपटानेंहि हाच प्रवास केला. ‘प्रभात’ कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं निघाला आणि १९३३ सालीं कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली, तेव्हां बोलपटाचा सारा आवाज पडद्यामागूनच येत असे. जेथें प्रभातचा स्टुडिओ होता तेथेंच १९६० सालीं चित्रपटाचें शिक्षण देणारी सरकारी संस्था निघाली. त्या संस्थेंत ध्वनीचें शिक्षण घेतलेले रसूल पुकुट्टी यांस २००९ सालीं, इतर दोघांसमवेत, ध्वनिमिश्रणाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. मधल्या काळांत आवाज पडदा सोडून प्रेक्षकांच्या चोहों बाजूंस पसरला होता. तीच योजना आटोपशीर करून घरांत आणली, ती ‘पांच दशांश एक’ या नांवानें विकली जाते.

या संचांत पेट्या सहा. एक ऐकणाऱ्याच्या नाकासमोर. दोन तिच्या डाव्याउजव्या अंगास, मध्यापासून ३० अंशांवर. दोन त्याच्या बाजूंस कानांच्या किंचित् मागें, सुमारें ११० अंशांवर. आणि सहावी मोठी पेटी, जिला सबवूफर म्हणतात, ती केवळ खर्जासाठीं. हीं स्थानें शोभेकरितां नेमलेलीं नाहींत. तंत्रज्ञ आवाजाचें मिश्रण करतो तो याच मांडणीवर विसंबून, आणि पात्रांचे बहुतेक संवाद तो मधल्या पेटीस देतो.

आतां ही मांडणी पेठेंतल्या खोलींत बसवून पाहावी. कित्येक वाडे जाऊन त्यांच्या जागीं इमारती आल्या, तरी खोल्या कांहीं दिवाणखान्याएवढ्या झाल्या नाहींत. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली घेतली, तर संगणकाचें मेज भिंतीस टेकलेलें, खुर्चीच्या एका अंगास कपाट, दुसऱ्या अंगास दार आणि मागें पलंग, असें चित्र दिसतें. मागच्या दोन पेट्यांपैकीं एक कपाटावर जाते आणि ऐकणाऱ्याच्या कानापासून दोन फुटांवर येते. दुसरी दारापलीकडच्या कोपऱ्यांत सहा फुटांवर पडते. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबेलनें उतरतो. म्हणून जवळची पेटी दूरच्या पेटीस बोलूंच देत नाहीं, आणि वर्तुळाच्या ठिकाणीं एका कानाशीं चाललेली कुजबुज तेवढी पदरांत पडते. प्रत्येक पेटीचा जोर निरनिराळा कमीजास्त करण्याची सोय संचांत असेल तर हा दोष बराच निवारतां येतो. नसेल तर सहा पेट्यांचे पैसे देऊन दोहोंचेंहि सुख मिळत नाहीं.

दुसरा विचार, ऐकावयाचें काय? ख्यालाची किंवा अभंगाची मैफल ऐकणाऱ्याच्या समोर असते. बहुतेक गाणीं दोन पेट्यांसाठींच मुद्रित झालेलीं असतात, आणि तीं सहांतून वाजविलीं तर यंत्र मागच्या पेट्यांस आपल्या पदरचें कांहीं तरी देतें. ज्या घरांत गाणें हेंच मुख्य, तेथें त्याच किमतींत दोन चांगल्या पेट्या घेणें केव्हांहि श्रेयस्कर. घरांतील तरुण मंडळी चित्रपट व खेळ यांच्यासाठीं वर्तुळ मागतात. खेळांत मागून येणारें पाऊल मागूनच ऐकूं आलें पाहिजे, ही त्यांची मागणी रास्त आहे. परंतु त्याच घरांत कानांनीं थकलेल्या आजीहि असतात. त्यांस स्फोट ऐकावयाचे नसतात, संवाद कळावयास हवे असतात. सहांचें मिश्रण दोन साध्या पेट्यांत कोंबलें म्हणजे कित्येकदां संवाद संगीताखालीं दबतात. अशा घरास मधल्या पेटीचा उपयोग मागच्या दोहोंपेक्षां अधिक. मधला आवाज निराळा वाढवितां येईल असा संच मिळाला, तर आजी व नातू एकाच चित्रपटास बसूं शकतात.

बाजारांत जाण्यापूर्वीं संगणकाची पाठहि तपासावी. पुष्कळ लहान संगणकांस कानयंत्र जोडण्याचें एकच छिद्र असतें, आणि तेथून दोनच वाटा निघतात. मोठ्या संगणकास सामान्यतः हिरवें छिद्र पुढच्या पेट्यांचें, काळें मागच्यांचें व नारिंगी मधल्या व खर्जाच्या पेट्यांचें असतें. मग तपकीर गल्लींत जावें, आणि तेथें खोक्यावरील हजारों वॅटांच्या आंकड्यास भुलूं नये. ‘पी. एम. पी. ओ.’ हा क्षणिक जोराचा फुगविलेला आंकडा; ‘आर. एम. एस.’ हा सतत पेलणारा, म्हणून विचारावा तो हाच. वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबेलच चढतो; कानास दुप्पट वाटावा तर सुमारें दहापट शक्ति लागते. घरचें ओळखीचें गाणें बरोबर न्यावें, तें हलक्या आवाजांत वाजवून पाहावें, आणि तंबोऱ्याचा सूर स्वच्छ उरतो कीं नाहीं हें पारखावें. मोठ्या आवाजांत दुकानांतील कोणतीहि पेटी दिपविते.

शेवटचा विचार शेजाऱ्याचा. उंच सूर भिंतीशीं बरेचसे अडतात. खर्ज अडत नाहीं. तो सामाईक भिंतींतून व तक्तपोशींतून पलीकडच्या घरीं जाऊन भांडीं वाजवितो. खर्जाची पेटी कोपऱ्यांत ठेवली तर तिचा जोर आणखी वाढतो; ती कोपऱ्यापासून दूर, रबराच्या पायांवर ठेवावी. कायद्यानेंहि, म्हणजे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं, राहत्या वस्तींत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबेल ठरविली आहे. दुपारच्या वामकुक्षीचा उल्लेख त्या नियमांत नसला, तरी पेठेच्या अलिखित कायद्यांत तो आहे. रात्रीच्या वेळीं चांगलें कानयंत्र हाच सर्वांत स्वस्त संच होय.

तेव्हां क्रम असा असावा: प्रथम खोली मोजावी, मग घरांतील प्रत्येकाचें ऐकणें विचारांत घ्यावें, मग संगणक तपासावा, आणि पिशवी घेऊन बाहेर पडावें तें सर्वांत शेवटीं. पाठीमागें समान अंतरावर दोन जागा निघत असतील आणि चित्रपट व खेळ यांची आवड खरीच असेल, तर सहांचा संच खुशाल घ्यावा. तशा जागा नसतील, तर दोन उत्तम पेट्या घेण्यांत कमीपणा नाहीं. घरांतील चार माणसांस नीट ऐकूं यावें आणि भिंतीपलीकडच्या चारांस झोंप लागावी, एवढें ज्यानें साधेल तो संच त्या घरापुरता मोठाच.