ओळख आणि अटकाव

विषाणू सजीव आणि निर्जीव यांच्या सीमेवर वावरतो. त्याच्यापाशी स्वतःचे असे फारसे काही नसते. प्रथिनांचे एक कवच आणि त्यात न्यूक्लिक आम्लाच्या धाग्यावर चार अक्षरांत लिहिलेले आज्ञापत्र, एवढाच त्याचा संसार. पेशीत शिरला की तो हे आज्ञापत्र पुढे करतो आणि पेशी त्याची चाकरी करू लागते. परंतु हेच त्याचे मर्मस्थानही आहे. या लिपीतील प्रत्येक अक्षराचा जोडीदार ठरलेला असतो. म्हणून मजकूर ठाऊक झाला, की त्याला नेमका बिलगणारा पूरक धागा प्रयोगशाळेत घडविता येतो.

हा धागा प्रथम हेर म्हणून उपयोगी पडतो. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील कोविडचा पहिला रुग्ण केरळात निश्चित झाला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील तपासणीने. अशा तपासणीत विषाणूच्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतात. दोन आखूड पूरक धागे तिच्यातील नेमका भाग हेरतात आणि प्रत्येक आवर्तनात त्या भागाच्या प्रती दुप्पट होतात. ३० आवर्तनांत एकीच्या सुमारे १०७ कोटी प्रती होऊ शकतात. विषाणू नसेल, तर धाग्यांना बिलगावयास जागाच उरत नाही.

जो धागा ओळखतो, त्यानेच अटकाव का करू नये? १९७८ मध्ये अमेरिकेत पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी कोंबडीच्या पेशींत वाढणाऱ्या राऊस सार्कोमा विषाणूवर १३ अक्षरांचा धागा योजला, आणि विषाणूची वाढ रोडावली. विचार खरा ठरला. तथापि औषध हाती येण्यास २० वर्षे लागली. शरीरात विकरे अशा धाग्याचे तुकडे करतात आणि पेशीचे आवरण त्याला सहजी आत घेत नाही. तेव्हा धाग्याच्या कण्यात काही ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवून तो टिकाऊ करण्यात आला. १९९८ मध्ये फोमिव्हिरसेन हे २१ अक्षरांचे औषध अमेरिकेत संमत झाले. एड्सच्या रुग्णांची दृष्टी हिरावून घेणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूवर ते थेट डोळ्यात टोचले जाई. पुढे एड्सवरील प्रभावी औषधांमुळे तो नेत्रविकारच विरळ झाला आणि फोमिव्हिरसेन बाजारातून मागे घेण्यात आले.

आज तपासणीचा निकाल काही तासांत मिळू शकतो. त्या कागदावर ज्याचे नाव असते, त्याला तितक्याच नेमकेपणाचे औषध मात्र अनेकदा मिळत नाही. हे अंतर तोडणे, हेच या विद्येचे पुढचे कार्य होय.