वंशावळीतील एक कटू नोंद



कथेआधी कागद पाहावा, हे ज्या गुरुवर्यांनी आम्हांला शिकविले, त्यांच्या स्मरणार्थ बोलताना मी एका परदेशी घराण्याचे उदाहरण निवडले आहे.

अमेरिकेच्या सीमाप्रदेशातील आद्य वसाहतकार डॅनियल बून दंतकथेत एकाकी वनवीर म्हणून वावरतात. कागद मात्र भरल्या घराची हकीकत सांगतात. आजोबा जॉर्ज १७१७ साली इंग्लंडातील डेव्हन परगण्यातून पेनसिल्व्हेनियात आले. शिक्षक असलेल्या जेम्स काकांनी घराण्याच्या नोंदी जपल्या. त्यांत डॅनियल यांचा जन्म २२ ऑक्टोबर १७३४ चा आहे; १७५२ च्या कालगणना-बदलामुळे तोच दिवस २ नोव्हेंबर ठरतो. दोन तारखा आढळल्या, तरी एक खोटीच असते असे नाही.

मला अधिक मोलाची वाटते ती क्वेकर पंथाच्या सभेची नोंद. थोरल्या मुलाने पंथाबाहेर विवाह केला. वडील स्क्वायर यांनी मुलाची बाजू सोडली नाही. सभेने त्यांना बहिष्कृत केले. १७५० मध्ये कुटुंबाने दक्षिणेची वाट धरली. बहिष्कार हेच एकमेव कारण होते, असे मी म्हणणार नाही. पण ती नोंद नसती, तर हा प्रश्नही पडला नसता. याच घरातील डॅनियल यांनी १७७५ मध्ये केंटकीची वाट पाडली.

मित्रहो, आपलेही पूर्वज मुलूख सोडून माळव्यात आले. घरच्या वंशावळीत पराक्रमाशेजारी कर्ज, कलह, बहिष्कारही राहू द्या. मानहानीचा कागद आपण फाडला, तर आपण येथे का आलो, हे नातवंडांना कोण सांगणार?